सिनेमातलं आमचं दार

आमच्या घरी सिनेमावाले जेवायला आले आणि रोडगे कमी पडले, एवढीच त्या सिनेमाची आठवण आई शेवटपर्यंत सांगत असे. पाहुण्यांनी कितीही खोदून विचारलं तरी तिची गाडी रोडग्यांच्या पुढे सरकत नसे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजले होते, मोठ्या गंजात वांग्याची भाजी होती, वरणावर तुपाची धार होती. मुंबईची माणसं नाजूक खातील असा तिचा अंदाज, तर ती चार दिवसांची उपाशी असल्यासारखी तुटून पडली, आणि शेवटच्या पंगतीला आईला भाकरी थापायला बसावं लागलं. हे सांगून ती हसायची आणि उठून आत जायची. मी आता पुढचं लिहायला बसले आहे, कारण 'लिहू नको' म्हणणारे आई-बाबा दोघंही राहिले नाहीत. माणसं गेली की त्यांच्याबद्दलची लाजही विझते असं मला वाटत होतं. तसं काही होत नाही, हे या वयात कळलं.

मंगरूळपीरच्या रस्त्याने आमच्या गावात शिरलं की पहिलं घर आमचं. समोर उंच ओटा, मागे गोठा, आणि मध्ये सागवानी दार. त्याला लोखंडी कडी होती आणि ती काढताना असा आवाज व्हायचा की गोठ्यातल्या म्हशी मान वर करायच्या. बाबांना गाव काकाजी म्हणायचं. जमीन बरी होती, विहिरीला पाणी होतं, आणि बाबांचा आवाज असा होता की ते ओट्यावरून बोलले की चक्कीवर दळण घेऊन उभ्या असलेल्या बायकांना ऐकू जायचं. तरुणपणी ते गावच्या दंडारीत राजा व्हायचे. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट घालून रात्रभर नाचायचे, आणि सकाळी तोच राजा मांडीवर फडकं टाकून गोठ्यात दूध काढायला बसायचा. आम्हा लेकरांना त्यांचा फार अभिमान होता. तो अभिमान माझ्या बाबतीत एका संध्याकाळी अर्धा झाला, आणि उरलेला पुढे सिनेमाने नेला.

ती संध्याकाळ आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी तेव्हा फ्रॉकात होते. तालुक्यात एका माणसाची फार दहशत होती. त्याला सगळे नुसतं 'भाऊ' म्हणायचे. दारूचे गुत्ते त्याचे, मटका त्याचा, आणि बसस्टँडवर उभी राहणारी प्रत्येक काळीपिवळी जीप त्याला हप्ता देऊनच सुटायची. आमच्या गावाबाहेरच्या वस्तीतला विलास अशीच एक जीप चालवायचा. त्याची आई सुगंधा आमच्या वावरात निंदायला यायची, आणि दिवाळीनंतर सगळी वस्ती ऊसतोडीला जायची तेव्हा तीही जायची. विलासने हप्ता नाकारला आणि वर ठाण्यात जाऊन भाऊविरुद्ध रपट दिली. त्यानंतर काही दिवसांनी, दिवेलागणीच्या वेळी, भाऊची माणसं त्याच्या मागे लागली आणि तो पळत पळत गावच्या पहिल्या घराशी आला. आई तव्यावर भाकर टाकत होती. दारावर थापा पडल्या आणि बाहेरून आवाज आला, "काकाजी, दार उघडा! मी विलास! काकाजी!" आई पिठाच्या हाताने उठली. बाबा तिच्याआधी दारापाशी पोचले होते. त्यांचा हात कडीवर होता. तो तिथेच राहिला. त्यांनी दुसऱ्या हाताने आईला खाली बसायची खूण केली आणि ओठांवर बोट ठेवलं. थापा थांबल्या, पावलं पळाली, मग खळ्याच्या बाजूने पुष्कळ पावलं पळाली. तव्यावरची भाकर जळत राहिली आणि तिचा वास घरभर झाला.

विलास खळ्यात मेलेला सापडला. पोलिसांना बाबा म्हणाले की आम्ही सारे वावरात होतो, घरी कुणी नव्हतं. गावाने मान डोलावली. गावाला ठाऊक नव्हतं असं नाही. संध्याकाळी चूल पेटलेली दिसते, धूर दिसतो, आणि आमच्या गावात कुणाच्या घरात कोण कधी असतं हे कुत्र्यांनाही माहीत असतं. पण भाऊचं भय होतं, बाबांची भीड होती. आमच्या घरात त्या दिवसाचं नाव निघालं नाही. सुगंधा पुन्हा निंदायला येऊ लागली, आईने तिला चहा दिला की ती मुकाट्याने प्यायची, आणि आई तिच्यासमोर कधी बसत नसे, उभीच राही. बाबांना दोष देताना एक गोष्ट मी आजही स्वतःला विचारते. घरात आम्ही लेकरं होतो, बाहेर तलवारी होत्या. दार न उघडणं मला समजतं. पुढचं समजत नाही.

भाऊ पुढे तुरुंगातच मेला, म्हणून तर त्याच्यावर सिनेमा काढायची लोकांना हिंमत झाली. मी तेव्हा बारावीला होते, मंगरूळच्या कॉलेजात बसने जायचे. आधी आला तो लेखक. बारकासा पोरगा, जाड भिंगांचा चष्मा, हातात टेप. खरी हकीकत गोळा करायला आला होता आणि गावाने त्याला साहजिकच काकाजींच्या ओट्यावर आणून बसवलं. पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, "पोट्ट्याचा आवाज आयकला अन् मी दार उघडाले उठलोच होतो." दुसऱ्या दिवशी चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर दार उघडलं. "उघडलं न बाप्पा! काहून नाही उघडणार? लेकरू होतं ते." तिसऱ्या दिवशी विलास आत आला, बाबांनी त्याला रांजणातलं पाणी दिलं, तो ते घटाघटा प्याला, आणि मग भाऊच्या माणसांनी दार तोडून त्याला ओढून नेलं. ओट्यावर बसलेले चार जण "हो जी, हो जी" करत होते. वावरात होतो म्हणाले तेव्हाही हेच चौघं "हो जी" म्हणाले होते. मी आतून चहा आणून ठेवत होते, आणि बाबांकडे न बघता कप कसे ठेवायचे हे त्या तीन दिवसांत शिकले. आई चुलीपाशी म्हणाली, "दंडार सुरू झाली वाट्टे."

मग ट्रक आले, जनरेटर आलं, दिवे आले. त्या जनरेटरच्या घरघरीने म्हशींनी दूध चोरलं. भाऊचं काम करणारा नट मुंबईचा नावाजलेला होता. माणूस इतका गरीब की आईच्या ठेच्याने त्याला उचकी लागली तर तो आईचीच माफी मागत बसला, आणि बैल अंगणातून जाईपर्यंत ओट्यावरून उतरायचा नाही. आम्ही पोरी त्याला हसायचो. पण कॅमेरा सुरू झाला की त्याच्या चेहऱ्यातलं काहीतरी विझायचं. तो ओरडत नसे, डोळे वटारत नसे. पानाला चुना लावता लावता हळू आवाजात "पोट्टं कुठं गेलं?" एवढंच विचारायचा आणि आमच्या अंगावर काटा यायचा. खऱ्या भाऊला पाहिलेली माणसं गर्दीत होती, ती मागे सरकायची. शॉट संपला की तोच माणूस माझ्या धाकट्या भावाला शेंगदाण्याची चिक्की द्यायचा. अभिनय म्हणजे खोटं, असं मला तोवर वाटत होतं. या माणसाने मला घोळात टाकलं. तो सगळं खोटं करत होता आणि तरी लबाड वाटत नव्हता.

दिग्दर्शकाने बाबांचे नाकडोळे पाहिले, आवाज ऐकला, आणि म्हणाला, काका, तुमची भूमिका तुम्हीच करा. बाबांनी एकदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदा सांगायची वेळ येऊ दिली नाही. मिशीला कलप लागला. ठेवणीतलं धोतर निघालं. दाराचा प्रसंग भर दिवेलागणीलाच घ्यायचा होता, म्हणून सगळं गाव दुपारपासून समोर बसलेलं. सुगंधाही आली होती. बैलगाडीच्या धुरीवर, पदर डोक्यावर घेऊन, कुणाशी न बोलता. विलासचं काम अमरावतीचा एक नाटकातला मुलगा करत होता. तो पळत आला, त्याने थापा मारल्या, "काकाजी, दार उघडा!" म्हणाला, आणि बाबांनी धाडकन कडी काढून दार उघडलं. दिग्दर्शक ओरडला, थांबा. बाबांना समजावू लागला, "काका, एवढ्या लवकर नको. बाहेर गुंड आहेत, घरात तुमची मुलं आहेत. आधी भीती दिसू द्या. हात कडीवर थांबू द्या."

कॅमेरा घरातच लावला होता; त्याच्यामागे मी होते, आई चुलीपाशी होती. बाबांचा चेहरा बाहेरच्यांना दिसत नव्हता, आम्हाला दिसला. पुन्हा थापा पडल्या. बाबांचा हात कडीवर गेला आणि थांबला. डोळे एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे वळले. अगदी तेच, तसंच, एक केसही इकडचा तिकडे नाही. मला वाटलं आता ते ओठांवर बोट ठेवतील. पण त्यांनी कडी काढली. मुलगा आत आला, बाबांनी त्याला छातीशी धरलं, रांजणातून तांब्या भरून दिला, आणि त्यांच्या डोळ्यांतून खरोखरीचं पाणी गळलं. टाळ्या पडल्या. कॅमेरावाला डोळे पुसत होता. त्या माणसांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. काम उत्तमच होतं. मला मात्र रांजणामागे तोंड लपवावंसं वाटलं, कारण आपला बाप एवढं सगळं हुबेहूब लक्षात ठेवून आहे, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. ते विसरले असतील, अशी मी त्यांना मनातल्या मनात सूट दिली होती.

दुसऱ्या दिवशी मयताचा प्रसंग होता. आमच्याकडे मयताच्या घरी बायका नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. हेल काढून, गेलेल्याचे गुण गात, आणि गाता गाता मनातलं सगळं बाहेर काढत. सासूने काय केलं, दिराने काय गिळलं, दुखण्यात कोण आलं नाही. त्याची रीत अशी, की रडण्यातल्या बोलण्याला कुणी उत्तर द्यायचं नाही, मध्ये तोडायचं नाही, आणि नंतर त्याचा विषय काढायचा नाही. आणि रडणारी आपणहून थांबत नाही. जवळची कुणी बाई उठते, तिला पोटाशी धरते, "पुरे वो माय आता" म्हणते, चूळ भरायला पाणी देते, मगच ती थांबते. आईचं रडणं चार गावांत नावाजलेलं होतं. ती वेशीपाशी बसमधून उतरली की आतल्या बायका म्हणायच्या, आली, आता मयताचं चीज होईल.

सिनेमात विलासची आई व्हायला मुंबईची एक नटी होती. डोळ्यांत औषध घालून ती छान रडली, पण दिग्दर्शकाला पटेना. असं तर सगळ्याच सिनेमात रडतात, म्हणाला. तेव्हा व्यवस्था बघणारा एक माणूस सहज बोलून गेला, की खरी आई तर तिथं बैलगाडीवर बसलीच आहे, तिलाच विचारू. तो सुगंधाकडे निघाला. आई परातीत पीठ मळत होती, ती तशीच उठली. "तिले हात नोका लावू," ती म्हणाली. "मी रडतो." बाबा खुर्चीवर बसले होते, त्यांना आनंद झाला. "घ्या, तिच्यासारखी रडनारी तुमाले मुंबईत नाही भेटणार."

पांढऱ्या चादरीखाली अमरावतीचा मुलगा झोपला. भोवती गावातल्याच बायका बसल्या. आईने पदर पुढे ओढला, जमिनीवर हात आपटला आणि सुरू केलं.

"आला वो आला, दारी आला माहा वाघ... हाक मारली वो त्यानं, काकाजी म्हनून हाक मारली... दिवा होता वो घरात, मानसं होती वो घरात... पानी होतं रांजनात, भाकर होती तव्यावर... कडी नाही निघाली वो बाई, कडी नाही निघाली..."

बायकांचं रडणं एकदम थांबलं. मुंबईच्या लोकांना आमची बोली हेलात काय कळणार, दिग्दर्शक हात जोडून पुतळ्यासारखा उभा होता. बाबांच्या हातात चहाचा कप होता, तो तसाच राहिला. त्यांना उठून तिला गप्प करता आलं असतं, पण रडणाऱ्या बाईला तोडणारा पुरुष आमच्या गावात अजून जन्मायचा होता. आई रडतच राहिली. कडी नाही निघाली, हातानं बसवलं माह्या मालकानं, मी बसली वो सुगंधा, मी बसून राह्यली. आता कुणीतरी उठून तिला धरायला हवं होतं. बायका बाबांकडे बघत होत्या आणि कुणी उठत नव्हती. सगळ्यांनी मग हळूच गाडीकडे पाहिलं. सुगंधा धुरीवर बसून होती. तिने पदराचं टोक तोंडात धरलं होतं, आणि ती उठली नाही. मीही उठले नाही. शेवटी आईचा आवाज फाटला, हेल तुटला, आणि ती आपणहून थांबली. तिने आपणच उठून, आपल्याच हाताने रांजणातलं पाणी घेऊन चूळ भरली. आमच्याकडे बाईची याहून मोठी फजिती नाही. दिग्दर्शक धावत आला, अप्रतिम, एकदाच आणखी कराल का म्हणाला. आई म्हणाली, "असं दोनदा रडत नसतात, बावा."

त्या संध्याकाळी बाबा जेवायला बसले. पहिला घास घेऊन म्हणाले, "वरणात मीठ नाही." आईने मीठ आणून वाढलं. रडण्यातल्या बोलण्याला उत्तर द्यायचं नसतं. बाबांनी रीत पाळली.

सिनेमा मंगरूळच्या टॉकीजला लागला तेव्हा बाबांनी मेटॅडोर करून गाव नेलं. आई आली नाही, घरी म्हैस व्यायची होती म्हणे. आईच्या रडण्यावर सिनेमावाल्यांनी सारंगी टाकली होती. पडद्यावर ती तोंड उघडत होती, छाती बडवत होती, आणि ऐकू येत होती सारंगी. शब्द एकही नाही. दार मात्र पूर्ण होतं. कडीवर थांबलेला हात पडद्यावर केवढातरी मोठा दिसत होता, आणि कडी निघाली तेव्हा थिएटरात शिट्ट्या वाजल्या. बाबा अंधारात उभे राहिले आणि त्यांनी मागे वळून हात जोडले. पुढे कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं, आणि आमंत्रण सरांनी माझ्याच हाती दिलं. ते माणुसकीवर बोलले. पोरी मला कोपराने ढोसून "कुंदा, तुझे बाबा!" म्हणत होत्या, आणि मी पहिल्या रांगेत बसून पायातल्या चपलेचा अंगठा बघत होते. ती चप्पल मी आजही ओळखेन.

सिनेमा उतरायच्या आधीची गोष्ट. कॉलेज सुटल्यावर मी स्टँडकडे चालले होते, तर टॉकीजच्या फाटकाशी सुगंधामावशी दिसली. एकटी, हातात बाजाराची पिशवी. दारवान मला म्हणाला, ही बाई रोज येते, अर्धा सिनेमा पाहते आणि जाते, डोकं फिरलंय वाटतं. मी का कोण जाणे, तिच्यासोबत आत गेले. ती बाकावर पाय वर घेऊन बसली. मारामाऱ्या चालल्या होत्या तेव्हा ती खाली बघत होती. थापा पडल्या तशी तिने मान वर केली. दार उघडलं, पोरगा आत गेला, बाबांनी त्याला धरलं, पाणी दिलं, तो प्याला. त्याचा तांब्या रिकामा झाला तशी ती उठली आणि बाहेर चालू लागली. पुढे त्याला ओढून नेतात, ते तिने पाहिलं नाही.

बाहेर ऊन होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, ते खरं नाही. बाबांनी दार नव्हतं उघडलं. आम्ही सगळे घरातच होतो."

"मले काय सांगतं वो पोरी?" ती म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. "त्याची एक चप्पल तुमच्या पायरीवर होती. मीच उचलून नेली सकाळी. तुही माय रडली, त्याच्या आंधीपासून मले मालूम हाय."

"मग कायले येतं रोज?"

"तेवढं पाह्याले. तो आत जाते, त्याले पानी भेटते. तेवढं पाह्यलं का मले झोप लागते." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. बस लागली होती. चढता चढता ती वळून म्हणाली, "तुह्या बापाले सांगजो. असंच उघडा लागत होतं म्हना."

मी घरी गेले. बाबा जेवत होते, आई पुढ्यात बसून वाढत होती. मी दप्तर न उतरवताच सगळं सांगितलं. सुगंधामावशी रोज टॉकीजला येते, दारापर्यंत पाहते आणि निघून जाते, आणि तिने तुम्हाला सांगायला सांगितलं आहे की असंच उघडायला हवं होतं. आईचा हात भाकरीवर थांबला. बाबांनी घास खाली ठेवला. मला वाटलं, आता हे रडतील, आता तरी हे उठून वस्तीवर जातील. मग त्यांनी मान वर केली. डोळे भरलेले होते, आणि चेहऱ्यावर, देवाशपथ सांगते, उत्सुकता होती.

"अन् पान्याचा सीन?" ते म्हणाले. "तो कसा वाटला म्हने तिले?"

आई उठून आत गेली. मी म्हटलं, "आवडला, बाबा," आणि त्यांच्यासमोरचं ताट उचललं.